परवान्याची बंदूक रस्त्यानं नेताना: नव्या परवानाधारकासाठी वाटेची तयारी

पिकाच्या राखणीसाठी किंवा स्वसंरक्षणासाठी १२ बोअरचा परवाना हातात पडला की पुष्कळांना वाटतं, आता बंदूक कुठंही न्यायला आपण मोकळे. परवान्यानं शस्त्र बाळगायची मुभा मिळते, हे खरं. पण घरातून निघालेली बंदूक दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत मधे रस्ता असतो, आणि बहुतेक परवानाधारक अडचणीत येतात ते त्या रस्त्यावर. कुणाची बंदूक भरलेली सापडते, कुणी अभयारण्याच्या फाटकावर अडतो, कुणाच्या परवान्याची हद्द मागच्या गावातच संपलेली असते.

हा लेख महाराष्ट्रातल्या गावांत राहून कायदेशीर बंदूक बाळगणाऱ्यांसाठी आहे: सिंगल बार (एकनळी), डबल बार (दुनळी), पंप अ‍ॅक्शन किंवा ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची). शेतावर, दुरुस्तीला, नूतनीकरणाच्या तपासणीला, निवडणुकीत जमा करायला किंवा नेमबाजीच्या मैदानावर ती न्यावी लागते. त्या प्रवासाचीच ही तयारी.

१. परवान्यावरची प्रत्येक ओळ वाचा

परवान्याचं पुस्तक कपाटात ठेवण्याआधी एकदा सावकाश वाचून काढा. त्यात तुमच्या शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक आहे, एका वेळी किती काडतुसं बाळगायची तो आकडा आहे, परवाना कुठपर्यंत चालतो ती हद्द आहे, मुदत आहे, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी आहेत. या अटी म्हणजे नुसती छपाई नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ३०नुसार परवान्याची अट मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम जुनी आणि लहान आहे, पण त्याच्या मागोमाग परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि खरं नुकसान ते.

तीन गोष्टी मुद्दाम तपासा.

पहिली, बंदुकीवरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक अक्षरशः एक आहे ना. जुन्या, वारसानं आलेल्या बंदुकांमध्ये नळीवर एक आणि बॉडीवर दुसरा आकडा असतो; झिजलेला इंग्रजी 8 हा 3सारखा दिसतो. नाक्यावर टॉर्चच्या उजेडात हा घोळ निस्तरता येत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन आधीच दुरुस्त करून घ्या.

दुसरी, मुदत. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी द्या आणि पोच सांभाळा. मुदत संपलेल्या परवान्यावर बंदूक घेऊन रस्त्यावर निघणं म्हणजे विनापरवाना शस्त्र घेऊन निघणं. ‘साहेब, अर्ज केलाय’ एवढ्यावर ते भागत नाही.

तिसरी, युनिक क्रमांक. राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोशातला हा क्रमांक जुन्या पुस्तकावर चढवलेला नसेल, तर त्या परवान्यावर प्रवासाचा विचारच करू नका. आधी परवाना शाखा गाठा.

२. कशासाठी नेताय, हे एका वाक्यात सांगता यायला हवं

शस्त्र अधिनियमाचं कलम २० प्रत्येकानं माहीत करून घ्यावं असं आहे. शस्त्र परवान्याचं असो वा नसो, ते ज्या रीतीनं किंवा ज्या परिस्थितीत नेलं जातंय त्यावरून बेकायदा वापराचा सयुक्तिक संशय आला, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि शस्त्र जप्त होऊ शकतं. म्हणजे परवाना खिशात असूनही रात्री दोन वाजता भरलेली बंदूक, डोक्याला लावलेला दिवा आणि गाडीत चार मित्र, असं चित्र असेल तर ते तुमच्याविरुद्धच बोलतं.

म्हणून कारण साधं, खरं आणि दाखवता येईल असं असू द्या. दुरुस्तीला जाताय तर दुरुस्तीवाल्याशी आधी बोला आणि जमलं तर त्याची चिठ्ठी घ्या. तपासणीला बोलावलं असेल तर ते पत्र जवळ ठेवा. शेतावर जाताय तर सातबाऱ्याची प्रत ठेवा. आणि जवळचा, सरळ रस्ता धरा. दुरुस्तीचं दुकान पूर्वेला आणि तुम्ही सापडलात पश्चिमेच्या जंगलवाटेवर, तर चिठ्ठीचा काही उपयोग नाही.

इथं एक गैरसमज साफ करायला हवा, कारण त्यापायी चांगले शेतकरी वन खात्याच्या गुन्ह्यात अडकतात. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२नुसार शिकारीला बंदी आहे. रानडुकरानं पीक उद्ध्वस्त केलं तरी त्याला मारायचं तर वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती त्यातल्या अटींसह पाळावी लागते. मेलेलं जनावर तुमचं होत नाही, ते सरकारचं असतं. ते गाडीत टाकून घरी आणणं हा वेगळा गुन्हा, आणि त्यात बंदुकीबरोबर गाडीही जाते.

३. रस्ता आणि दिवस, दोन्ही तपासा

तयारीचा सगळ्यात मोठा भाग हाच.

*हद्द.* तुमच्या परवान्यावर ‘जिल्हा’ लिहिलं असेल तर शेजारच्या तालुक्याचा रस्ता दुसऱ्या जिल्ह्यातून जातो का ते बघा. ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर राज्याची सीमा बघा. सीमाभागात हा सापळा फार फसवा आहे. कोल्हापूरहून गडहिंग्लजला जाताना बहुतेक जण महामार्गानं निपाणी, संकेश्वर करत जातात. दोन्ही टोकं महाराष्ट्रात असली तरी मधला पट्टा कर्नाटकात आहे. रोजच्या सवयीचा रस्ता असल्यानं ते जाणवतही नाही. राज्यापुरताच परवाना असेल तर गारगोटीच्या बाजूनं फेरा मारावा, नाहीतर हद्द वाढवून घ्यावी. दोडामार्गकडून गोव्यात उतरणाऱ्या वाटांचंही तसंच. मोबाइलचा नकाशा सगळ्यात कमी वेळाचा रस्ता सांगतो. सीमा कुठं ओलांडली जाते ते तुम्हालाच पाहावं लागतं.

*अभयारण्य.* वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३१नुसार पूर्वपरवानगीच्या लेखी कागदाशिवाय कोणतंही शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू आहे. बंदूक रिकामी आहे, सुटी केलेली आहे, डिकीत कुलपात आहे, याला इथं महत्त्व नाही. सार्वजनिक रस्त्यानं अभयारण्यातून पार होणाऱ्या माणसाला प्रवेशाची सूट कलम २७मध्ये आहे, म्हणून लोकांना वाटतं बंदूकही चालेल. पण कलम ३१मध्ये अशी सूट लिहिलेली नाही. मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जातो. राधानगरी अभयारण्यात दाजीपूरचा रस्ता आहे. मेळघाटात तर गावंच जंगलाच्या पोटात आहेत. अशा वाटेनं जायचं असेल तर वन विभागाकडून आधी लेखी परवानगी घ्या. नाहीतर दुसरा रस्ता धरा, पेट्रोल जास्त गेलं तरी.

तुमचं घरच अभयारण्यात किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत असेल, तर कलम ३४नुसार परवानाधारकाला आपली नोंद वन्यजीव विभागाकडे करावी लागते. ही नोंद पुष्कळांनी केलेली नसते आणि वनरक्षकानं विचारल्यावरच तिचं नाव पहिल्यांदा कानावर पडतं. वारसानं बंदूक आली असेल तर आधीच्या मालकाची नोंद होती का ते विचारा. तुमच्या नावानं ती पुन्हा करायची असते.

*मनाई आदेश.* महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१)खाली जिल्ह्यात शस्त्रबंदीचे आदेश सतत निघत असतात: सण, मोर्चे, जयंत्या, तणावाची परिस्थिती. बातमीत ‘जिल्ह्यात ३७(१)(३) लागू’ एवढंच येतं आणि आपण ते जमावबंदीबद्दल समजून पुढं जातो. त्यातला (१) हा भाग शस्त्रं घेऊन फिरण्याबद्दल आहे, आणि त्यात बंदुकीचं नाव आहे. आदेश बहुधा पंधरवड्याचे असतात आणि एक संपला की दुसरा निघू शकतो. निघायच्या आदल्या दिवशी ठाण्यात फोन करून विचारा. आदेशात कुणाला सूट आहे तेही विचारा, कारण शब्दरचना दर वेळी सारखी नसते.

*निवडणूक.* आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करण्याचे आदेश येतात. लोकसभा-विधानसभेपुरतंच ते नसतं, स्थानिक निवडणुकांतही निघतात. नोटीस आली की शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. जमा करायला नेतानाही बंदूक रस्त्यावरच असते आणि त्या दिवसांत नाकाबंदी सगळ्यात कडक असते. नोटिशीची प्रत वरच्या खिशात ठेवा, दिवसाउजेडी थेट ठाण्यात जा, मुद्देमाल कारकुनाकडून क्रमांकासह आणि काडतुसांच्या संख्येसह पावती घ्या. कव्हरही जमा करत असाल तर ते पावतीवर लिहून घ्या, नाहीतर परत मिळताना बंदूक उघडीच हातात येते आणि ती झाकायला काही नसतं.

*जत्रा, वारी, लग्नं, शाळा.* परवान्याच्या अटींतच आहे: खास अधिकारपत्राशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शाळा-कॉलेजचं आवार इथं शस्त्र न्यायचं नाही. गावचा रस्ता जत्रेच्या दिवशी जत्रेतूनच जातो. आषाढात पालखी मार्गावरच्या गावांतून बंदूक नेण्याचं काम पुढं ढकला. वाटेवर जिल्हा परिषदेची शाळा असेल तर तिच्या आवारात गाडी वळवू नका, अगदी ‘मुलाला घेऊन जातो’ म्हणूनही.

४. बरोबर घ्यायचे कागद

- मूळ परवाना. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो त्याची जागा घेत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १९नुसार पोलीस मागतील तेव्हा परवाना दाखवावा लागतो.
- ओळखपत्र, आणि गाडीचे कागद. गाडीचे कागद नसल्यानं सुरू झालेली चौकशी बंदुकीपर्यंत जाते.
- प्रवासाच्या कारणाचा कागद: नोटीस, चिठ्ठी, सातबारा, मैदानाचं सदस्यत्व, यांपैकी जे लागू असेल ते.
- वन विभागाची परवानगी किंवा नोंदीची प्रत, लागत असेल तर.
- काडतुसं खरेदी केली असतील तर त्यांचं बिल.
- आपल्या ठाण्याचा आणि गावच्या पोलीस पाटलाचा फोन क्रमांक, कागदावर लिहिलेला. डोंगरात मोबाइल बंद पडतो.

सगळं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि ते पाकीट बंदुकीच्या पिशवीत ठेवू नका. कागद काढायला बंदुकीच्या पिशवीत हात घालावा लागणं ही नाक्यावरची सगळ्यात वाईट सुरुवात.

५. बंदूक रिकामी करा, आणि रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा

‘रिकामीच आहे’ हे वाक्य विसरून जा. दर वेळी उघडून पाहायची. भरलेल्या बंदुकीनं होणारे अपघात बरेचदा ती रिकामी समजूनच होतात. सेफ्टीच्या भरवशावरही राहू नका: बहुतेक दुनळींत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा तसाच ताणलेला असतो. खड्ड्यात जोराचा दणका बसला आणि जुनी झिजलेली यंत्रणा सुटली तर बार उडू शकतो.

मोडती बंदूक, म्हणजे सिंगल किंवा डबल बार:

नळीचं तोंड मोकळ्या जमिनीकडे, माणसं, जनावरं, दगड आणि गाडी यांच्यापासून दूर. बोट चापाच्या कडीबाहेर. सेफ्टी मागं ओढा. वरची कळ बाजूला सरकवून नळी खाली पाडा. साध्या एक्स्ट्रॅक्टरची असेल तर काडतुसं थोडी वर उचलली जातात, ती हातानं काढा. इजेक्टरची असेल तर काडतुसं, विशेषतः झाडलेली, उडून बाहेर पडू शकतात, चेहरा बाजूला ठेवा. मग दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहा. अंधार असेल तर करंगळी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, घालून चाचपा. त्यानंतर पुढचा लाकडी भाग खटका दाबून काढा, नळ्या बॉडीवरून उचला. तीन भाग झाले की ही बंदूक कुणी ठरवलं तरी क्षणात चालवू शकत नाही, आणि ती पाहणाऱ्या पोलिसालाही एका नजरेत ते कळतं. म्हणून मोडती बंदूक नेहमी सुटी करूनच न्या.

बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकीत आणखी एक धोका आहे. काही जुन्या बनावटींत पाडलेला घोडा थेट काडतुसावर आपटणाऱ्या पिनेवर टेकून राहतो. आत काडतूस असताना घोड्यावर फटका बसला की बार. त्यामुळे उघडून रिकामी केल्याशिवाय ताणलेला घोडा हळूच पाडायच्या भानगडीत पडू नका.

पंप अ‍ॅक्शनमध्ये फसगत वेगळी. चेंबर रिकामं दिसतं, पण नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं असतात. पंप मागंपुढं करून काडतुसं काढलीत तरी मॅगझिनच्या तोंडाशी बोट घालून आतला फॉलोअर (काडतुसं ढकलणारा तुकडा) हाताला लागतो का ते पाहा. किती भरली होती आणि किती बाहेर आली, ते मोजा. शेवटी अ‍ॅक्शन उघडीच ठेवा.

ठासणीच्या बंदुकीबद्दल कोकणात आणि घाटमाथ्यावर एक समज आहे की टोपी (घोडा आपटला की ठिणगी देणारी) काढली की बंदूक रिकामी. तसं नाही. आत दारू आणि छर्रे ठासलेले असतील तर ती भरलेलीच आहे. ठिणगी कुठूनही मिळू शकते. ओळखायची सोपी खूण: बंदूक रिकामी असताना गज नळीत शेवटपर्यंत सोडा आणि तोंडाशी गजावर खूण करा. पुढं कधीही गज टाकला आणि खूण बाहेर राहिली, की आत काहीतरी आहे. अशी बंदूक गाडीत चढवायची नाही. आधी जाणत्याकडून, पेच लावलेल्या गजानं भरण काढून घ्या.

६. झाकणं आणि बांधणं

शस्त्र नियम २०१६नुसार सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असली पाहिजे. ती मिरवणं, दाखवणं याला मनाई आहे. चादरीत किंवा पोत्यात गुंडाळून नेणं म्हणजे झाकणं नव्हे. त्यातून ती लपवल्यासारखी दिसते, आणि पोतं सुटलं की उघडी पडते. बंदुकीसाठी बनवलेली कॅनव्हास, रेक्झिन किंवा कडक केस घ्या, जिला चेन असेल आणि छोटं कुलूप लागेल. ३० इंची नळीची दुनळी सुटी केली की सगळ्यात लांब तुकडा सुमारे ७६ सेंटिमीटरचा होतो. अखंड ठेवली तर तीच बंदूक सव्वा मीटरच्या घरात जाते. सुटी केलेली केस लहान गाडीच्या डिकीत आडवी मावते.

मोटारीत: डिकीत, सपाट, वर जड सामान नको, आणि घसरू नये म्हणून बाजूला गोधडी लावा. पुढच्या सीटवर, पायांमध्ये, डॅशबोर्डवर कधीही नको. डिकी नसलेल्या जीपमध्ये मागच्या सीटच्या मागं, बाहेरून दिसणार नाही अशी.

मोटरसायकलवर, आणि गावाकडे बहुतेक प्रवास तिच्यावरच होतो, सुटी बंदूक पाठीवरच्या केसमध्ये पट्टा आडवा घालून न्या. मागच्या कॅरिअरला दोरीनं बांधलेली केस धक्क्यानं सरकते आणि कधी पडली ते कळतही नाही. सायलेन्सरच्या बाजूला टांगली तर केस वितळते. मागं बसणाऱ्याच्या मांडीवर द्यायची असेल तर तो अनोळखी किंवा लहान मुलगा नसावा. अखंड बंदूक पाठीवर उभी नेली तर नळी फांद्यांना आणि खाली लोंबणाऱ्या तारांना अडकते.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खताच्या गोण्यांबरोबर बंदूक टाकू नका. एसटीनं न्यायचा विचार सोडून द्या: गर्दीत तुमचा ताबा राहत नाही, शेजाऱ्याच्या मनात धास्ती बसते, आणि एक धक्काबुक्की झाली तरी प्रकरण तुमच्या गळ्यात येतं.

पावसात कॅनव्हास ओला झाला की बंदूक त्यातच ठेवणं म्हणजे गंज मागवणं. वरून प्लॅस्टिकचं आवरण घाला आणि पोचल्यावर लगेच बाहेर काढा.

७. काडतुसं वेगळी

बंदूक एका ठिकाणी, काडतुसं दुसऱ्या ठिकाणी, दोन्ही बंद. कामापुरतीच न्या, दुरुस्तीला जाताना तर एकही काडतूस लागत नाही. निघताना मोजा आणि संख्या कागदावर लिहा. परवान्यावर २५ असताना गाडीत २८ सापडली, तर ‘जुनी तीन खाली पडली होती’ हे स्पष्टीकरण नसतं.

उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर काडतुसं ठेवू नका. जुन्या कागदी कवचाची काडतुसं कोकणातल्या दमट हवेत फुगतात, चेंबरमध्ये अडकतात. ती बाजूला काढा. आणि १२ बोअरच्या पिशवीत २० बोअरचं काडतूस चुकूनही मिसळू देऊ नका. ते चेंबरमधून पुढं घसरून नळीत अडकतं, मागं १२चं काडतूस बसतं, आणि बार टाकला की नळी फुटते. घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर पिशव्यांचे रंग वेगळे ठेवा.

८. वाटेत कसं वागायचं

शक्यतो न थांबता जा. थांबावंच लागलं तर एकानं गाडीत बसून राहायचं. चहाच्या टपरीवर गाडी उभी करून आत गप्पा मारत बसलात आणि काच फुटली, तर चोरीची तक्रार देताना पहिला प्रश्न तुमच्या निष्काळजीपणाचा असतो.

गावातून जाताना बंदूक खांद्याला लावून चालत जाणं जुन्या लोकांना साधं वाटायचं. आता करू नका. शेत गावाला लागून असलं तरी गल्लीतून केसमध्येच न्या आणि बांधावर पोचल्यावर काढा. शेजाऱ्याच्या शेतातून जायचं असेल तर त्याला आधी सांगा. रात्री कुणी बंदूक घेऊन आपल्या पिकातून चाललंय, हे त्याला अचानक दिसू नये. राखणीच्या दिवसांत पोलीस पाटलाला कल्पना देऊन ठेवणं कायद्यानं लागत नसेलही, पण गावात वाजलेल्या प्रत्येक बाराचा खुलासा त्यालाच करावा लागतो.

कुणी म्हटलं, ‘बघू तरी कशी आहे’, तर रस्त्यावर दाखवायची नाही. नातेवाइकाच्या घरी वाटेत उतरायचं असेल तर बंदूक नसलेल्या दिवशी उतरा. वाटेत हात दाखवणाऱ्याला त्या दिवशी गाडीत घेऊ नका. बंदुकीसह काढलेला फोटो स्टेटसला टाकू नका. तो मिरवण्याचाच प्रकार धरला जाऊ शकतो. दारू घेतली असेल तर बंदूक घरी राहिली पाहिजे, गाडी दुसरा चालवत असला तरी. आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याचा आग्रह कितीही जवळच्या माणसानं केला तरी नाही म्हणा: शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(९)नुसार जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

९. नाकाबंदीवर

गाडी हळू करा, रात्र असेल तर हेडलाइट मंद करून आतला दिवा लावा, इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. मग त्यांनी शोधायच्या आधी तुम्हीच सांगा: ‘साहेब, गाडीत माझी परवान्याची बंदूक आहे. रिकामी आहे, सुटी करून मागं कव्हरमध्ये ठेवलीय. परवाना शर्टाच्या खिशात आहे, काढू का?’ ‘बंदूक’ हा शब्द आधी आणि मोठ्यानं, मग लगेच खाली वाकून काहीतरी शोधणं, असं करू नका.

बंदूक बाहेर काढा म्हटलं तरच काढायची. केस जमिनीवर किंवा बॉनेटवर ठेवून उघडा, तोंड माणसांपासून दूर, आणि भाग सुटेच दाखवा. क्रमांक तपासायला ते नळी हातात घेतील, घेऊ द्या. उद्धटपणे कलमं सांगत बसू नका. रात्रपाळीच्या हवालदाराला समोरचा माणूस शांत आहे हे दिसलं की निम्मं काम होतं.

बंदूक ताब्यात घेतली तर वाद न घालता पंचनाम्याची प्रत आणि पावती मागा. त्यात शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या, वेळ आणि अधिकाऱ्याचं नाव-पद असावं. परवान्याचं पुस्तकही घेतलं असेल तर तेही पावतीवर आलं पाहिजे.

१०. दुसऱ्याच्या हाती पाठवायची असेल तर

घरच्या माणसाला, गड्याला किंवा मित्राला ‘जरा दुकानात देऊन ये’ म्हणून बंदूक देता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३मध्ये थोडी सवलत आहे: परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी दुसरा माणूस ती नेऊ शकतो. अधिकारपत्रात त्याचं नाव, तारीख, शस्त्राचा क्रमांक, कुठून कुठं आणि कशासाठी, एवढं हवं, खाली तुमची सही. सोबत मूळ परवाना द्या. ‘वापरासाठी’ म्हणजे तुमच्या वापरासाठी. राखणीला मुलगा किंवा गडी रोज बंदूक नेणार असेल तर हे पत्र पुरत नाही; त्याचं नाव परवान्यावर नोंदवून घ्यावं लागतं.

११. काही बिघडलं तर

गाडी बंद पडली तर बंदूक तिथं सोडून मेकॅनिक आणायला जाऊ नका. गाडी टोइंगला किंवा गॅरेजमध्ये द्यायच्या आधी केस उतरवून घ्या. अपघात झाला आणि तुम्हाला दवाखान्यात जावं लागलं, तर मदतीला आलेल्या पोलिसाला पहिल्यांदा डिकीत बंदूक असल्याचं सांगा. गर्दीतल्या कुणाच्या हाती ती सोपवू नका.

बंदूक किंवा काडतुसं हरवली, चोरीला गेली, तर जवळच्या ठाण्यात त्याच वेळी तक्रार द्या, मग परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवा. दोन दिवस स्वतः शोधत बसणं महागात पडतं: त्या दोन दिवसांत त्या बंदुकीनं काही घडलं तर तुमची तक्रार नंतरची ठरते.

१२. पोचल्यावर

केस उघडा, काडतुसं मोजा, लिहिलेल्या आकड्याशी जुळवा. जोडण्याआधी दोन्ही नळ्यांतून पुन्हा पाहा. प्रवासात चिखल, पालापाचोळा तोंडात जातो, आणि काही दिवस उघडी राहिलेल्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. अशा अडथळ्यासकट बार टाकला तर नळी फुगते किंवा फाटते. ओलावा पुसून नळीच्या आत-बाहेर तेलाचा हात फिरवा. मग बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या वेगवेगळ्या जागी, आणि परवान्याचं पाकीट परत त्याच ठरलेल्या खणात.